एकही अडखळ कापायची नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

गुळगुळीतनं — ग्रुपच्या संस्थापकाला मी हेच म्हणते — पुन्हा स्वतःचंच नाव पुढे केलं! वाहिनीला अडखळत बोलणारं माणूस हवंय आणि हा गडी तेल घातल्यासारखा बोलतो. 'संस्थापक या नात्यानं ही जबाबदारी मी टाळू शकत नाही.' टाळ ना! कुणी तुझा हात धरलाय?

ग्रुपचं नाव काय, तर 'थांबा, सांगतोय'. जगानं आमच्यासाठी थांबावं म्हणून काढलेला ग्रुप. आणि हा स्वतः कुणाला तोंड उघडू देत नाही. पूर्वी अडखळायचा म्हणे. असेल. मी तरी त्याला एका अक्षरावर अडकलेला ऐकलेला नाही. त्याची गोष्ट मात्र सगळ्यांना तोंडपाठ — आरसा, जिद्द, रोजचा सराव, विजय. म्हणजे आम्ही बाकीचे कोण? हरलेले?

निमित्त त्या मालिकेचं. त्यात एक शिपाई आहे. तो 'सा-सा-सा-साहेब' करतो, साहेब त्याचं वाक्य पूर्ण करतो, मागून हशा. रोज. हजारो माणसं अडखळतात या देशात, आणि टीव्हीवर आम्हाला जागा मिळाली ती चहाचा ट्रे सांडण्यापुरती! आम्ही निषेधाचं पत्रक काढलं, ते बरंच फिरलं, आता एक बातम्यांची वाहिनी म्हणते तुमच्यापैकी कुणाची तरी मुलाखत घेऊ.

गुळगुळीत तिथे जाऊन काय सांगणार ते मला माहीत आहे. 'जिद्द असेल तर अडखळणं जातं.' झालं! आमच्या चार वर्षांच्या कामावर पाणी.

५ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानातून कामावरून आले तर आई तीच मालिका बघत बसलेली. शिपाई अडखळला. आई हसली. मग मी दारात दिसले तशी एकदम गंभीर झाली आणि आवाज कमी केला. 'अगं, लागलीच होती…'

मी म्हणायला गेले की बघ ना, खुशाल बघ. 'ब'वर अडकले. आईनं लगेच पुरं केलं — 'बंद करते, बंद करते.' मला बंद करायला सांगायचंच नव्हतं!

जन्मभर हेच. माझी अर्धी वाक्यं आईची आहेत.

७ फेब्रुवारी

ग्रुपवर आज हसावं की रडावं असा प्रकार.

आमचा नियम जुना आहे. साध्या गोष्टी लिहा. पण मतभेद असेल तर लिहायचा नाही, बोलायचा. व्हॉइस नोट पाठवायची. एका दमात, न कापता, अडखळलात तर अडखळा. ऐकणाऱ्यानं पूर्ण ऐकायची. हा नियम ॲडमिन म्हणून मीच सुचवला होता, कारण लिहून भांडताना आमचे लोक फार विषारी होतात. आयुष्यभर तोंडात अडकलेलं सगळं बोटांतून बाहेर पडतं. बोलायचं म्हटलं की माणूस नेमकं तेवढंच बोलतो जेवढ्यासाठी त्रास घ्यायची तयारी आहे.

तर सुतारानं काल नोट टाकली. सुतार म्हणजे खरंच सुतार — फर्निचरच्या कारखान्यात आहे. ग्रुपमध्ये त्याच्याइतकं जड कुणाचंच बोलणं नाही. एका शब्दासाठी तो डोंगर चढतो. म्हणाला, जो आज अडखळतो त्यानंच टीव्हीवर जावं, बरा झालेल्यानं नाही. एवढंच. पण ऐकताना माझा चहा निवला.

त्यावर बदामवाला — हा कशावरही लाल बदाम ठोकतो, निधनाच्या बातमीवरही — लगेच पटलं म्हणून मोकळा! कुणीतरी विचारलं, एवढ्यात ऐकून झालं? तर हा भाबडेपणानं लिहितो, 'दुप्पट वेगानं लावलं होतं.'

बाप रे! दुप्पट वेगानं! आमच्या ग्रुपमध्ये! मंदिरात चपला घालून जाणं परवडलं. दिवसभर नुसता गदारोळ. गुळगुळीतनं बदामवाल्याला जाहीर माफी मागायला लावली. माफीही बोलून. बिचारा 'माफी'च्या 'म'वर इतका अडकला की सगळ्यांचा राग तिथेच गेला.

सुतार काय म्हणाला? 'चा… चालायचंच.'

८ फेब्रुवारी

माझं नाव! मतं मोजून संपली. मत लिहून चालत नाही, 'हो' म्हणून पाठवावं लागतं आणि आमच्यातल्या निम्म्यांचा 'ह'शी उभा दावा, त्यामुळे निकाल लागायला वेळ लागतो. पण लागला. गुळगुळीतच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. 'लोकांचा कौल मला मान्य आहे. फक्त ताईंनी थोडी तयारी करावी, म्हणजे आपली प्रतिमा चांगली जाईल.'

कसली तयारी? न अडखळायची?

वाहिनीच्या मुलीला लिहून कळवलं. एकच अट. माझी एकही अडखळ कापायची नाही. वेळ कमी असेल तर एकच वाक्य दाखवा, पण जसं बोलले तसं. ती म्हणाली, 'नक्की ताई. शब्द देते.' उद्या घरीच येतेय.

भीती वाटतेय. हे फक्त इथे लिहिते.

९ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं.

वाहिनीची ती मुलगी, माईकवाली, एकटीच आली. कॅमेरा तिनंच उभा केला, दिवा तिनंच लावला, माईक माझ्या ओढणीला तिनंच अडकवला. पंचविशीची असेल. चपला दाराबाहेर काढल्या तर एका मोज्याला भोक, ते दिसू नये म्हणून पाय मुडपून बसली. आईनं सकाळपासून खोलीचं रूप पालटून टाकलेलं. पलंगावरची चादर नवी, माझी पुस्तकं गायब, कोपऱ्यात मावशीकडून आणलेली फुलदाणी. मला म्हणे फिकट साडी नेस, टीव्हीत उजळ दिसतं. मी ड्रेसच घातला. मग आई दारापाशी स्टुलावर बसली. जा म्हटलं तरी हलेना.

पहिला प्रश्न — मालिका बघून काय वाटलं? मला म्हणायचं होतं, मला त्या शिपायाची लाज वाटत नाही, त्याचं वाक्य पूर्ण करणाऱ्यांची लाज वाटते. 'लाज'वर अडकले. आणि अशी अडकले! जीभ टाळूला चिकटली ती सुटेचना. मान वाकडी झाली, डोळा मिटला, सगळं. कॅमेऱ्यासमोर. स्टुलावरून आईचा हुंकार ऐकू येत होता. तिला शब्द माहीत होता आणि द्यायचा होता.

माईकवाली थांबली. नुसती थांबली. घड्याळ बघितलं नाही, मान हलवली नाही, ते कनवाळू हसणं हसली नाही. मग 'लाज' आला. पुढचं भराभर आलं, परत अडकलं, परत आलं. सगळं बोलले. दुकानातलंही सांगितलं — चष्मा तपासताना 'आधीचं स्पष्ट की आताचं' हे दिवसभर विचारावं लागतं, आणि 'आ' माझा वैरी, म्हणून मी नुसतं 'हे की हे?' विचारते आणि गिऱ्हाइकांना वाटतं ही बाई तुसडी आहे. तर माईकवाली म्हणाली, 'आहात का?' मी म्हटलं, 'आ… आहे.' दोघी हसलो.

बरी वाटली पोरगी. आई तिला खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेली. मी दमून आडवी झाले. घाम, आणि अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःला टीव्हीवर बघायचं आहे.

१० फेब्रुवारी

उद्या दाखवणार. ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं. आईनं मावशीला, शेजारच्यांना, दूधवाल्याला. दुकानाचे मालकसुद्धा म्हणाले, दुकानातला टीव्ही चालू ठेवू.

११ फेब्रुवारी

ही कोण बाई?

माझा ड्रेस, माझं तोंड, आईची फुलदाणी. पण ही बाई बोलतेय! न थांबता. 'मला त्या शिपायाची लाज वाटत नाही, त्याचं वाक्य पूर्ण करणाऱ्यांची लाज वाटते.' वाहत्या पाण्यासारखं. माझा चेहरा मध्येच जरासा उडी मारतो, तेवढंच. नीट बघितलं नाही तर कळणारही नाही. 'लाज'च्या आधीचा तो सगळा डोंगर — साफ. सपाट. तिथे रस्ता झालाय.

खाली पट्टी — 'अडखळण्यावर मात केलेली लढवय्यी.'

मात!

मालक टाळ्या वाजवत होते. 'काय बोललात हो! इथे काय होतं मग तुम्हाला?' एक गिऱ्हाईक म्हणालं, थेरपी कुठे घेतली?

घरी आले तर आई रडतेय. आनंदानं. मावशीला फोनवर, 'ऐकलंस ना? एकदाही नाही गं, एकदाही नाही!' मला जवळ घेतलं. इतकं घट्ट तिनं मला कधी धरलं होतं ते आठवत नाही. मी काठीसारखी उभी. तिनं तो तुकडा परत लावला. परत. तिच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते मला आजवर मिळालेलं नाही, आणि मिळालं ते त्या बाईला मिळालं.

१२ फेब्रुवारी

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

ग्रुपवर दोन तट. एक तट बदाम पाठवतोय. 'ताई, किती सुधारलात! आम्हाला उपाय सांगा.' एक बाई म्हणते, माझ्या मुलीला दाखवलं, म्हटलं बघ, मनात आणलं तर जमतं. त्या मुलीचं काय झालं असेल ते मला कळतंय. दुसरा तट — 'फसवणूक.' 'आपल्यात अडखळण्याचं सोंग घेऊन किती जण आहेत?' 'ॲडमिन होण्यासाठी लोक काय काय करतात!'

चार वर्षं! चार वर्षं या लोकांची रडगाणी ऐकली. पूर्ण ऐकली, साध्या वेगानं ऐकली!

मी सांगितलं की त्यांनी कापलंय. कुणी ऐकेना. गुळगुळीत म्हणतो, 'ताईंचा शब्द आपण मानूच, पण दोन्ही बाजू तपासायला हव्यात.' दोन्ही बाजू कसल्या? माझ्या तोंडाला एकच बाजू आहे!

माईकवालीला लिहिलं — का कापलंत? तुम्ही शब्द दिला होता. संध्याकाळी उत्तर आलं. 'माफ करा ताई. निर्णय माझा होता.'

एवढंच. कारण नाही, काही नाही. निर्णय माझा होता! माझ्या जिभेवर निर्णय हिचा! गोड बोलून घरात आली, मोज्याचं भोक लपवत बसली आणि केसानं गळा कापला.

१४ फेब्रुवारी

आज जे झालं ते कुणाला सांगून पटणार नाही. आमच्या लोकांनाच पटलं नाही तर इतरांचं काय घेऊन बसलात.

गुळगुळीतनं सगळ्यांना ऑनलाइन बोलावलं. 'खुली बैठक.' मी माझी बाजू मांडायची, बोलून. मी म्हटलं, ठीक. बोलले की कळेलच त्यांना. माझं तोंडच माझा पुरावा.

मी काही म्हणायच्या आत गुळगुळीत सुरू झाला. ताईंच्या जुन्या व्हॉइस नोट काही सदस्यांनी तपासल्या आहेत. पूर्वीपेक्षा अडखळणं कमी झालेलं दिसतं. त्यात वाईट काही नाही. पण सदस्यांपासून लपवणं…

माझं डोकंच सटकलं. तपासल्या? माझ्या नोट बसून मोजल्या? मी तोंड उघडलं. आणि बोलले. बोलतच गेले. तुम्ही कोण मला तपासणारे, तुम्ही आरशासमोरून हललात तरी का कधी, तुम्हाला अडखळणारी माणसं नकोत, अडखळून बरी झालेली हवीत, म्हणजे तुमच्या शेजारी फोटोत शोभतील… सगळं. एका दमात. एकही अक्षर अडलं नाही! 'आ' नाही, 'ब' नाही, 'ल' नाही.

संताप फार झाला की माझं असं होतं. वर्षातून एखाद वेळी. कित्येकांचं होतं. ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात मी स्वतः हे समजावून सांगते — गाताना, रागावताना, एकटं असताना जीभ सुटते, त्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. मीच सांगते!

बोलणं संपलं. छोट्या छोट्या चौकटींत सगळ्यांची तोंडं. मग गुळगुळीत अगदी हळू म्हणाला, 'आणखी काही तपासायला हवंय का कुणाला?'

तेव्हा मी म्हणायला गेले की मला रागात असं होतं. 'म'वर अडकले. कुणीतरी हसलं. 'आता बघा, आता सुरू झालं!'

ॲडमिनपद काढून घेतलं. चौकशी होईपर्यंत.

सुतार एकटा म्हणाला, 'मा… माझंही हो… होतं.' त्याचं ऐकतो कोण.

१५ फेब्रुवारी

दुकानात आज दिवसभर इतकी अडखळले की मालकांनी मला काउंटरवरून उठवून मागे काचा पुसायला बसवलं. एका आजोबांच्या डोळ्यांवर चौकट ठेवून 'हे की हे?' एवढंही येईना. वाट बघून त्यांनीच विचारलं, 'बाळ, बरं नाही का?'

काल बैठकीत कुठे गेली होतीस गं सटवे अडखळे? कुठे होतीस?

आई तो तुकडा अजून बघते. मी आले की फोन पालथा ठेवते.

हा ग्रुप गेला तर माझ्याकडे काय उरतं? काउंटर, आई, आणि घरभर दुसऱ्यांनी पूर्ण केलेली वाक्यं. तिथे मी बोलत होते. जगात तेवढ्या एका जागी मी बोलत होते आणि लोक शेवटपर्यंत थांबत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

केलं.

लिहून केलं, बोलून नाही. नियम गेला खड्ड्यात. माझी अट, तिचं 'नक्की ताई, शब्द देते', आणि तिचं 'निर्णय माझा होता' — तिन्हीचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. खाली तिचं नाव, वाहिनीचं नाव, तिचा फोटो. लिहिलं, 'मला खोटं ठरवून तुम्ही नेमकं तिच्या मनासारखं वागताय. जिनं एकीची अडखळ कापली ती उद्या तुमचीही कापेल. शत्रू कोण ते ठरवा.'

वाक्य चांगलं जमलं. बोलताना असं कधी जमलं नसतं.

पहिला बदाम कुणाचा? बदामवाल्याचाच. मग दुसरा. मग धबधबा. परवा मला सोंगाडी म्हणणारी तीच माणसं — 'ताई, आम्ही तुमच्या पाठीशी.' एकानं तिचा नंबर शोधून टाकला. मला तो काढता आला असता, गुळगुळीतला सांगून. नाही सांगितलं.

१७ फेब्रुवारी

गुळगुळीतनं फोन करून ॲडमिनपद परत दिलं. 'गैरसमज झाला होता ताई, सोडून द्या.' वारं फिरलं की या माणसाचं तोंड आधी फिरतं. आज दुसऱ्या वाहिनीवर जाऊन आला, आमच्या अपमानाबद्दल बोलायला. 'आमच्या भगिनीचा आवाज छाटला गेला.' किती सफाईनं बोलला! एकदाही न अडखळता!

पण मी काही म्हटलं नाही. म्हटलं, बोलू दे, आपल्याच बाजूनं बोलतोय.

१८ फेब्रुवारी

माईकवालीला लोक लिहिताहेत ते वाचलं. 'तुझीच जीभ कापली पाहिजे.' 'तुला मुका मुलगा होवो.' एकानं अडखळत शिव्या देणारी व्हॉइस नोट पाठवली आणि ग्रुपवर लोक वाहवा करताहेत, काय धाडस!

वाईट वाटलं? थोडं. खोटं कशाला लिहू, मजाही वाटली. जिनं मला गप्प केलं तिला आता तोंड लपवावं लागतंय. बसू दे चटके.

तिनं कुठेच काही उत्तर दिलेलं नाही. मूग गिळून बसलीय. खरं असतं काही सांगायला तर सांगितलं नसतं?

१९ फेब्रुवारी

सुतारानं नोट पाठवली. लांबलचक. मी दुकानात, गिऱ्हाईक उभं, आणि याची ही एवढी नोट.

मी दुप्पट वेगानं ऐकली.

हो, ऐकली! कुणाला कळणार आहे?

दुप्पट वेगात त्याचं अडखळणं खडखडाटासारखं ऐकू येतं, माणसासारखं नाही. मतलब एवढाच — त्या मुलीला कुणी फोन करून विचारलं का, तू का कापलंस? आपण इतरांना थांबा म्हणतो, तिच्यासाठी कोण थांबलं? आणि नंबर ग्रुपवर ठेवणं बरोबर नाही, काढा.

लगेच त्याच्यावर तुटून पडले लोक. 'वाहिनीचा दलाल.' 'ऐन लढाईत फूट पाडतोय.' त्यानं परत नोट टाकली, तीच गोष्ट, आणखी हळू. गुळगुळीतनं मला खासगीत लिहिलं — 'वातावरण बिघडतंय. तुम्ही त्याला ग्रुपमधून काढलंत तर योग्य दिसेल, त्याचे तुमचे संबंध चांगले आहेत.'

मी काढलं. एक बटण असतं. दाबलं.

बैठकीत माझ्या बाजूनं बोलणारा तोच एकटा होता, माहितीय मला. पण आता कुठे सगळं सावरतंय, आणि याला आत्ताच काड्या घालायच्या होत्या?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकलो!

वाहिनीनं माफी मागितली. संध्याकाळच्या बातम्यांत, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत. 'मुलाखतीत संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय बदल करण्यात आले. जबाबदार कर्मचाऱ्यास सेवेतून कमी केले आहे.' आणि मग माझी मुलाखत, सुरुवातीचा भाग, जसाच्या तसा. माझी वाकडी मान, मिटलेला डोळा, 'ला… ला…' सगळं. सगळ्या देशासमोर. मी शेवटपर्यंत बघितली. ती बाई मीच आहे. नजर हटवली नाही.

ग्रुपवर दिवाळी! गुळगुळीतनं मला 'ग्रुपचा आवाज' म्हटलं. पुढच्या महिन्यात मालिकावाल्यांची बैठक आहे, तिथे मीच जाणार. बदामवाल्याचा फोन हँग झाला असेल इतके बदाम.

मालक म्हणाले, 'पहिलं जास्त बरं होतं हो, ते न अडखळलेलं.' म्हणू देत.

आई मावशीकडे गेलीय दोन दिवस. तिनं पाहिलं की नाही माहीत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आई आली. मावशीकडे बातम्या बघितल्या म्हणाली. पिशवी खाली न ठेवताच मला विचारलं, 'त्या पोरीला काढून टाकलं?'

मी मान हलवली.

आई मटकन बसली. 'अगं, मीच गं… मीच तिच्या पाया पडले त्या दिवशी, खाली रस्त्यावर. म्हटलं, लेकीचं तेवढं अडकणं काढ, जग हसेल तिला, एकदा तरी तिला नीट बोलताना बघू दे. नाही नाही म्हणत होती. ताईंना शब्द दिलाय म्हणाली. मी रडायलाच लागले तिथे, तेव्हा हो म्हणाली. आणि तुला कळू देणार नाही अशी शपथ घातली मी तिला. तुला सांगितलं नाही ना तिनं?'

नाही. कुणालाच सांगितलं नाही.

मी फोन लावला तिला. लिहून नाही, फोन. जन्मात मी कुणाला आपणहून फोन लावत नाही. नंबर बंद आहे.